'बहीण' नावाची फाईल

जिंतूरला, निबंधक कचेरीसमोर
पत्र्याखाली माझं टेबल.
कीबोर्डावरची अक्षरं पुसून गेलीत, बोटांना पाठ आहेत.
संगणकात एक फाईल आहे, तिचं नाव 'बहीण'.
गट नंबर बदलायचा, गाव, वय,
बाकी सगळं तयार असतं:
नैसर्गिक प्रेमापोटी, विनामोबदला,
कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने.
एका हक्कसोडपत्राला बारा मिनिटं.
राखीच्या आधल्या आठवड्यात नऊ झाली.

एकदा शोधून पाहिलं.
'भाऊ' नावाची फाईल नाही.

मागच्या उन्हाळ्यात परभणीहून एक मॅडम आल्या,
बायकांच्या शिबिराची पुस्तिका टाईप करून घ्यायला.
शब्द आणि पुढं अर्थ. लिंगभाव. पितृसत्ता. श्रमविभागणी.
'संमती'पाशी माझी बोटं थांबली.
अर्थ असा होता:
नाही म्हणायची सोय असताना दिलेला होकार.
मी म्हटलं, मॅडम, माझ्या फाईलमध्ये
हा शब्द सोयीशिवायच चालतो.
त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या.
पानाला वीस ठरले होते, पंचवीस दिले.

आज प्रयागबाई आली, येलदरीकडची.
वय सदुसष्ट. दोन भाऊ, दोन्ही बाजूंनी.
धाकट्याच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी.
"वाचून दाव गं," ती म्हणली.
असं कुणी म्हणत नाही.
थोरला म्हणला, "नेहमीचंच हाय, काय वाचायचं?"
"तुमचं नेहमीचं आसंल. मी पहिल्यांदाच द्यायलेय."

मी वाचत गेले.
राजीखुशीपाशी तिनं हात वर केला.
"खुशी कोणाची लिवलीय?"
"तुमची, मावशी."
"बरं. आन जमीन?"
"एकसष्ट आर."
"म्हंजे लिंबापसून इहिरीपोतर."
भाऊ रस्त्यावरच्या जीपकडं बघत राहिले.
"खुरपलंय ते मी," ती म्हणली,
"लग्नाच्या सकाळीबी दोन पाथी काढल्या,
मंग हळद धुतली."

आत यंत्र आहे.
तिनं अंगठा ठेवला. लाल दिवा.
पदराला पुसून ठेवला. लाल.
शिपायानं खोबरेल आणलं, डावा ठेवून पाहिला,
मग एकेक करून सगळी बोटं.
खुरपं, राख, कापसाची बोंडं, दुसऱ्यांची धुणी,
स्वतःच्या सहा लेकरांची अंगं, मग त्यांच्या लेकरांची.
रेघा राहिल्याच नव्हत्या.
सासरच्या सातबाऱ्यावर तिचं नाव कधी चढलं नाही,
माहेरचं काढायला आली
तर काढण्यापुरतीही ती यंत्राला सापडेना.
साहेब म्हणाले, मशीन ओळखत नाही बाईला,
सोमवारी या.
ती म्हणली, "ह्याला काऊन रागावता,
घरच्यांनाबी टाईम लागला."

धम्मशीला व्हरांडा झाडत होती.
झाडूवर रेलून म्हणाली,
"आमच्या बापाला जमीनच नव्हती बाई,
म्हून भाऊ गोड राहिले."
मी हसले. ती हसली नाही.
ह्यालाही पुस्तिकेत एक शब्द होता,
शेवटून दुसऱ्या पानावर, लांबलचक.
टाईप करताना मी चुकले होते,
मॅडमच्याही लक्षात आलं नाही.

पाचच्या गाडीनं ते गेले.
चढता चढता थोरल्यानं तिला हात दिला,
तो तिनं धरला. हेही सांगायला हवं.

पिशवी माझ्या बाकावरच राहिली.
विसरली का ठेवून गेली, कळलं नाही.
मोरपंखी साडी, पावती अजून टाचलेली, नऊशे पन्नास.
मी कॅल्क्युलेटर उघडला, एकसष्ट आर टाकले,
रेडीरेकनरचा भाव मला पाठ आहे,
मग तसाच बंद केला.

दोन हजार सोळाला माझंही पत्र
ह्याच फाईलवरून निघालं, मीच काढलं,
सरावानं अकरा मिनिटांत.
भावाकडून टायपिंगचे पैसे घेतले नव्हते.